टॉवेलांपुरती जपानी

हल्ली रोज सकाळी मला कुणीतरी मोबाइलवर एक जपानी शब्द पाठवतं. मागे गुलाबी फुलांचं झाड आणि खाली लिहिलेलं की या भावनेला जगातल्या दुसऱ्या कुठल्याही भाषेत शब्द नाही. पानांतून झिरपणाऱ्या उन्हाला एक शब्द, पुस्तकं विकत आणून न वाचण्याला एक शब्द. पाठवणारे आमच्या सोलापूरच्या भवानी पेठेतलेच असतात. कुणी निवृत्त मास्तर, कुणी औषधाच्या दुकानाचे मालक. खाली विचारतात, "सर, बरोबर आहे का?" मी अंगठा दाखवतो. पेठेत मला 'जपानी' म्हणतात, आणि नावाला जागावं लागतं.

बरोबर आहे की नाही, मला काय ठाऊक! माझ्या जपानीत ऊन एकदाच आलं, तेही 'उन्हात वाळवल्यास रंग फिका पडण्याची शक्यता आहे' या वाक्यात.

हे लिहायला बसलो त्याला कारण आहे. नातेवाइकांत माझ्याविषयी एक गोष्ट फिरते. आमच्या जपानी सुनेच्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी माझ्या बायकोनं तिला इकडं बोलावलं होतं, पण मला ऐनवेळी योग्य जपानी शब्द सापडला नाही, म्हणून सगळा घोटाळा झाला, अशी ती गोष्ट. लग्नाकार्यात लोक माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणतात, "चालायचंच, परकी भाषा आहे." मी मान खाली घालतो. त्यांना तो विनय वाटतो.

गोष्ट खोटी आहे. शब्द सापडला होता, तोही चांगला शोधून निवडलेला.

आधी माझ्या जपानीविषयी. तरुणपणी पुण्यात नोकरी शोधत होतो, तेव्हा संध्याकाळच्या वर्गात जपानी शिकलो. तिकडची संस्कृती, सौंदर्यदृष्टी वगैरे काही नव्हतं डोक्यात. जर्मनचा वर्ग भरला होता. परत आलो तर सोलापुरात एका टॉवेल कारखान्याच्या मालकांना नेमका असा माणूस हवा होता, कारण त्यांचा माल जपानला जायला लागला होता. मालक विणकर घराण्यातले. घरी तेलुगू बोलायचे, आमच्याशी मराठी, आणि माग बंद पडला की उर्दू. जपानी तेवढी मला दिली.

जपानी गिऱ्हाइकाची पत्रं यायची. टॉवेलाच्या एका टोकाचा निळा दुसऱ्या टोकाच्या निळ्यापेक्षा किंचित उदास दिसतो, असं एकानं लिहिलं होतं. मालक टेबलापाशी येऊन उभे राहायचे.

"ओ जपानी, काय म्हणतोय? शिव्या दिल्यात का?"

"नाही मालक. त्यांना मनापासून खंत वाटते म्हणतात."

"माल आपला खराब आणि खंत त्यांना?"

"तशी पद्धत आहे त्यांची."

"बरं. मग आपल्यालाबी वाटली म्हणून लिहा. त्यांच्यापेक्षा जरा जास्तच वाटली म्हणा."

अशी माझी नोकरी. दुसऱ्याला वाटलेलं तिसऱ्याला जरा कमी-जास्त करून कळवायचं. माफीच्या पायऱ्या मला तोंडपाठ झाल्या. धागा निघाला तर 'सुमिमासेन'. रंग गेला तर 'मोशिवाके गोझाइमासेन', म्हणजे आमच्यापाशी सांगायला कारणच उरलेलं नाही. घरातली माणसं एकमेकांना म्हणतात ते 'गोमेन' मात्र मी कधी वापरलं नाही. टॉवेलाला इतक्या जवळचं कोण बोलतं?

आणखी एक वाक्य मी फार वापरलं. नव्या वर्षाच्या कार्डावर सगळ्या गिऱ्हाइकांना लिहायचो, 'आमच्या बाजूला कधी येणं झालं, तर अवश्य डोकवावं.' तिकडं घर बदललं की लोक हे वाक्य छापूनच पाठवतात. वाचणारा खूश होतो आणि कुणीही कुणाकडं जात नाही. जो जाईल त्याला भाषा कळली नाही असं समजायचं. मालकांना हे समजावलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे बोलवायचंबी आणि जेवायलाबी घालायचं न्हाई! आपल्या पाव्हण्यांसाठी असलं काय मराठीत हाय का बघा हो."

बघितलं. मराठीत नव्हतं. आमच्याकडं जेवून जा म्हटलं की माणूस चप्पल काढतो.

आता घराविषयी. माझी बायको वळसंगच्या पलीकडच्या खेड्यातली. माहेरी सगळे कन्नड बोलणारे. लग्नानंतर तिनं मराठी आपलीशी केली, पण राग आला की कन्नडमध्ये जाते. मुलगा तिला अव्वा म्हणतो, मला अप्पा. भावना बोलून दाखवायची आमच्याकडं रीत नाही. भाकरी ताटात आपटली की राग, अलगद ठेवली की लोभ, आणि कुणी गावाला निघालं की पिशवीत कडक भाकरी आणि शेंगा चटणी. पापडासारखी वाळलेली ती भाकरी महिनाभर टिकते. आमच्या घरात मायासुद्धा टिकाऊ मालात देतात.

मुलगा नोकरीला जपानला, नागोयाला गेला. माझ्यामुळं गेला असं मी पेठेत सांगतो. तिथंच त्यानं लग्न ठरवलं. मुलगी शाळेत असताना तिची आई वारली होती, वडिलांनी वाढवलं होतं. हिनं फोटो बघितला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "आई न्हाय व्हय हिला?" बस. जात, धर्म, भाषा, डोळे, यांतलं काहीच विचारलं नाही. मी आठवडाभर तयार केलेली उत्तरं वाया गेली.

लग्नानंतर वर्षभरानं दोघं महिनाभर इकडं आले. सूनबाईला तेव्हा दिवस गेले होते. मुलगा कसल्याशा कागदपत्रांसाठी पुण्याला गेला होता, आणि घरात आम्ही तिघं. दुपारची वेळ, स्वयंपाकघरात सूनबाई हिच्याशेजारी पाटावर बसून भाकरी थापायला शिकत होती. तिच्या हातून भाकरी नाही, नकाशे निघत होते. हिनं पीठ लागलेल्या हातांनी तिचे दोन्ही हात धरले आणि मला हाक मारली.

"अहो, हिकडं या. हिला सांगा."

मी दारात उभा राहिलो.

"सांगा तिला, आई न्हाय म्हणून काय झालं? पयलं बाळंतपण आईकडंच असतंय. तू हितं ये. तुझा नवरा येऊ दे न्हाय तर न येऊ दे, तू ये. मी तेल लावते, न्हाऊ घालते, शेक देते. सव्वा महिना खाटंवरनं खाली पाय टेकू देत न्हाय. पोराला मांडीवर मीच घेते. भ्यायचं न्हाय आजिबात. मी हाय की. सांगा!"

बायकोला मी त्याआधी आणि त्यानंतर इतकं सलग बोलताना ऐकलेलं नाही. सूनबाईला एक अक्षर कळत नव्हतं, पण ती हिच्याकडंच बघत होती. मग दोघींनी माझ्याकडं बघितलं.

मला काय येत होतं ते स्पष्ट सांगतो. 'ये' हा शब्द येत होता. 'घर' येत होता. 'आई', 'बाळ', 'मी बघीन', 'भिऊ नको', हे सगळं येत होतं. पहिल्या चार महिन्यांत वर्गात शिकवतात ते. पाच वर्षांच्या जपानी मुलाला जेवढं बोलता येतं, तेवढ्यात ते सगळं बसलं असतं.

पण मी पुढचा विचार करणारा माणूस. सूनबाई आली तर बाळंतपण ऐन एप्रिलमध्ये. सोलापूरचा एप्रिल! नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. हे झालं बोलायचं कारण. खरं कारण वेगळं. ती महिनोन्‌महिने इथं राहणार आणि या दोघींमध्ये रोज उठून मी उभा. कळा येतायत, दूध येत नाही, आईची आठवण येते, रात्रभर रडू आलं, हे सगळं माझ्या तोंडातून इकडून तिकडं जाणार. आठ दिवसांत उघडं पडलं असतं की या जपानी म्हणवणाऱ्याला टॉवेलापलीकडची जपानी येत नाही. पेठेतल्या बायका तर बघायला म्हणूनच आल्या असत्या.

तेव्हा मी घसा साफ केला आणि सूनबाईला अत्यंत सुंदर, आदरार्थी, व्याकरणशुद्ध जपानीत सांगितलं, "आमच्या बाजूला कधी येणं झालं, तर अवश्य डोकवावं."

नागोयाहून सोलापूरच्या बाजूला कुणाचं येणं होतं, देव जाणे.

सूनबाईच्या चेहऱ्यावर काहीतरी थांबलं. मग तिनं मान लववली आणि म्हणाली, "आभारी आहे. विचार करून ठेवते." जपानीत 'विचार करून ठेवते' म्हणजे नाही. गिऱ्हाइकानं असं लिहिलं की आम्ही ती फाइल बंद करायचो.

"काय म्हणते?" हिनं विचारलं.

"बघू म्हणते."

"बघू?" हिनं तिचे हात सोडले. परातीतलं पीठ पुन्हा मळायला घेतलं. "बरं. बघू दे."

इथं थांबलो असतो तर मी नुसता भित्रा ठरलो असतो. संध्याकाळी मी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होतो, तर सूनबाई मागून वर आली. कपडे घड्या करायला लागली. तिला घड्या सुरेख जमतात. खाली बघत तिनं हळूच विचारलं, "ओतोसान, अव्वा इतकं बोलल्या, इतका वेळ हात धरून होत्या. आणि तुम्ही एवढंच सांगितलंत. त्या तेवढंच म्हणाल्या का?"

ओतोसान म्हणजे वडील. ही मुलगी मला आपल्या बापाच्या शब्दानं हाक मारून दुसरी संधी देत होती. दार अर्धं उघडून धरलं होतं तिनं, मी फक्त आत जायचं होतं.

मी हसलो आणि म्हणालो, "मराठी लांब भाषा आहे."

तिनं मान डोलवली. घडी केलेला टॉवेल माझ्या हातात दिला.

त्यांचं जाणं जवळ आलं तेव्हा मी मुलालाही बाजूला घेतलं. म्हटलं, तिकडचे डॉक्टर चांगले, इकडं उन्हाळा, अव्वाच्या गुडघ्यांना झेपायचं नाही, तू हा विषय घरात काढू नकोस, तिला उगीच वाईट वाटेल. तो म्हणाला, "बरं झालं अप्पा तुम्ही सांगितलंत." दोन्हीकडून कडी लावून मी निश्चिंत झालो.

ही मात्र 'बघू' या शब्दावर विसंबून राहिली. जुन्या सुती लुगड्यांची दुपटी शिवली. खारीक, डिंक आणून ठेवला. शेकायची शेगडी माळ्यावरून काढून घासली. मी बघत होतो. रोज बघत होतो आणि चहा पीत होतो. एप्रिलमध्ये मुलाचा फोन आला, मुलगी झाली, दवाखान्यात सगळं व्यवस्थित. ही म्हणाली, "बरी हाय न्हवं दोघीबी?" फोन माझ्याकडं दिला. दुसऱ्या दिवशी दुपटी शेजारच्या लेकीला देऊन टाकली. शेगडी पुन्हा माळ्यावर.

रात्री जेवताना एवढंच म्हणाली, "आपल्या हाताचा वास येत आसंल तिला."

मी म्हणालो, "तसं नसतं गं, त्यांची पद्धत वेगळी." पद्धतीवर टाकलं की कुणालाच काही बोलता येत नाही.

त्यानंतर आठ वर्षं ही सुनेशी फोनवर दोनच वाक्यं बोलली. "बरी हाय का?" आणि "पोरगी जेवली का?" सून मान लववायची. मी मध्ये बसून भाषांतर करायचो, आणि दोन वाक्यांचं भाषांतर मला उत्तम यायचं.

या वर्षी मुलाचा फोन आला, सूनबाईला पुन्हा दिवस गेलेत. हिनं शेंगा फोडत ऐकलं.

"बोलवायचं का तिला?" मी विचारलं. आता कारखाना सुटला होता, पेठेतले निम्मे परीक्षक वर गेले होते, आणि मला बहुधा पुण्य मिळवायचं होतं.

"एकदा बोलवलं की," ती म्हणाली. "दारात दोनदा कोण जातंय?"

तिनं शेंगेचं टरफल असं मोडलं की मला ऐकू जावं.

मधल्या काळात एक गोष्ट झाली होती. मुलानं हिच्या मोबाइलमध्ये बोलकं भाषांतर घालून दिलं होतं. इकडं मराठीत बोलायचं, तिकडं बाई जपानीत बोलते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी त्या बाईच्या चुका काढल्या. आदरार्थी रूपं चुकतात, म्हणालो. "चुकू द्या की," ही म्हणाली, "ती बोलती तरी."

एका सकाळी मी भाजी घेऊन मंडईतून परतलो तर स्वयंपाकघरातून ती यंत्रातली बाई जपानीत बोलताना ऐकू आली. हिनं मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला होता. पडद्यावर सूनबाई. मी दारात, त्याच जागी.

ही म्हणत होती, "मागल्या टायमाला आईवानी बोलवलं तवा आली न्हाईस. म्हणून आता बोलवत न्हाय. माझा राग न्हाय तुझ्यावर. पन मी पुन्यांदा बोलवत न्हाय."

यंत्रानं ते सांगितलं. आदरार्थी रूपं खरंच चुकली होती. बाकी सगळं पोचलं.

सूनबाई काहीतरी म्हणाली, आणि यंत्रातली बाई सपाट मराठीत म्हणाली, "आईने मला कधी बोलावले होते?"

ही वळली. पडद्यातली सूनही माझ्याकडं बघायला लागली. हातातली पिशवी खाली ठेवायचंही मला सुचलं नाही.

"काय वो," ही म्हणाली, "तुमी काय सांगितलं व्हतं तिला?"

आणि मी म्हणालो, "मला शब्द सापडला नव्हता. त्या गोष्टीला जपानीत शब्द असतो, तो मला येत नव्हता. काहीतरी भलतंच बोललो असेन."

ती गोष्ट जन्मली ती इथं.

तसा शब्द आहेच. सूनबाईनं तो लगेच सांगितला. बाळंतपणाला माहेरी येणं, त्याला तिकडं 'सातोगाएरी' म्हणतात. तिकडंही पोरी पहिल्या बाळंतपणाला आईकडंच जातात. आमची रीत आणि त्यांची रीत एकच, आणि मी हिला आठ वर्षं 'त्यांची पद्धत वेगळी' म्हणून समजावत होतो. सूनबाई म्हणाली, तिच्या सगळ्या मैत्रिणी गेल्या होत्या. आपल्याला जायला घर नाही, म्हणून ती कुणापाशी बोलली नव्हती. सोलापुरात असताना वाटलं होतं की अव्वा म्हणतील. पण त्या तसं म्हणाल्याच नाहीत.

यंत्र हे सगळं एका सुरात सांगत होतं, बसस्थानकावर गाड्या पुकारतात तसं. हिनं पदर तोंडाला लावला.

मग सूनबाई माझ्याकडं वळून म्हणाली, "ओतोसान, वाईट वाटून घेऊ नका. तो शब्द पाठ्यपुस्तकात नसतो."

हीही म्हणाली, "जाऊ द्या. टावेलवाला मानूस. त्याला काय कळतंय!"

म्हणजे मला माफी मिळाली. फुकट, घरपोच.

पण सूनबाईनं गच्चीचं काढलं नाही. तिला आठवत नसेल असं होणार नाही, ती घडीसुद्धा विसरत नाही. शब्द येत नव्हता हे खरं असतं, तर गच्चीवर तिनं विचारलं तेव्हा मी हातवारे करून, चित्र काढूनसुद्धा सांगितलं असतं. हे तिला कळलं होतं, आणि हिच्यासमोर तिनं मला झाकलं. माझ्या सुनेनं माझ्यासाठी योग्य शब्द निवडला, आणि तो न बोलण्याचा होता. त्यानंतर दोन दिवस मला भाकरी गिळेना. हिला वाटलं, पित्त.

तिसऱ्या दिवशी मी स्वतः फोन लावला, मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवला, हिला शेजारी बसवलं आणि सांगितलं. मराठीत हिला, जपानीत सुनेला, एकेक वाक्य. शब्द येत होते. मुद्दाम बोललो नाही. माझी अब्रू जाईल म्हणून. गच्चीवर तू विचारलंस तेव्हाही मी खोटं बोललो. मुलालाही मीच गप्प केलं.

सुनेला मी आधी 'मोशिवाके गोझाइमासेन' म्हणालो. सवयीनं. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. कारखान्याचं पत्र वाचून कोण हलतं? मग म्हणालो, "गोमेन." आयुष्यात पहिल्यांदा. उच्चारही धड आला नाही.

ती काही बोलायच्या आत ही बोलली. मराठी संपत आली होती, कन्नड सुरू झाली होती. "हेडी! हेडी हाय ह्यो मानूस!" मग माझ्याकडं वळून, "आता सांगा तिला. मी सांगते ते सगळं सांगा. एकबी शब्द खाल्ला तर बघा."

"यंत्राला सांगू दे ना."

"यंत्र न्हाय. तुमी."

मग मी भाषांतर केलं. हा माणूस घाबरट आहे. सासऱ्याच्या घरी जायचं तरी मला पुढं घालायचा. चोर घरात शिरला तर त्याला पाणी विचारील. आठ वर्षं माझ्या हातचं खाल्लं आणि माझ्याच हाताला वास येतो म्हणून मला रडू दिलं. 'हेडी' पाशी अडलो. कन्नडमध्ये तो नुसता भित्रा नव्हे, त्यात थुंकायचीही सोय आहे. जपानीत भित्र्याला बरेच शब्द आहेत. मी एक सोडला, दुसरा सोडला. मग 'इकुजिनाशी' म्हणालो. उभं राहायचं बळच ज्याच्यात नाही, तो. अचूक शब्द. एवढ्या वर्षांत टॉवेलांच्या कामी कधी आला नव्हता.

सूनबाईनं विचार केला आणि म्हणाली, "हो, खरंच."

"काय म्हणते?"

"खरंच, म्हणते."

"बरं शिकलेली हाय," ही म्हणाली. आणि मग, मोबाइलच्या अगदी जवळ तोंड नेऊन, "तू हितं येतेस का मी तितं येऊ?"

हे मी जसंच्या तसं सांगितलं. चार महिन्यांच्या अभ्यासक्रमात बसतं.

डॉक्टर तिला इतक्या लांबचा प्रवास करू देईनात, तेव्हा ही निघाली. मुंबईच्या पलीकडं कधी न गेलेली, गुडघे दुखणारी बाई. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला, त्यानं विचारलं, "आज्जी, कशाला जाताय परदेशी?" "बाळंतपणाला." त्यानं एकदा हिच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मी म्हणालो, "सुनेच्या, साहेब." तेवढं भाषांतर माझ्याकडून झालं.

मीही कपडे काढून ठेवले होते. ही म्हणाली, "तुमी कुटं?"

"तिथं बोलायला कुणीतरी नको का?"

"फोन हाय की. तुमी हितंच ऱ्हावा. पानी आलं की भरून ठेवा." मुलाला तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, तिकीट एकच.

जाताना पेठेतल्या बायका निरोपाला आल्या. त्यांना हिनं स्वतःच सांगितलं, "मागल्या येळी ह्यांना बिचाऱ्यांना शब्द घावला न्हाय, म्हणून पोरीचं ऱ्हाऊन गेलं." मला घरात हेडी म्हणणारी बाई दारात मला झाकून गेली. म्हणून तर हे लिहितोय. दोघींनी झाकलं, आता कुणीतरी उघडायला हवं, आणि घरात मी एकटाच आहे.

तिनं कडक भाकरीचा डबा भरून ठेवलाय. शेंगा चटणी आहे. नळाला पाणी येतं तेव्हा मी उठतो आणि भरतो.

नातू झाला. ही सुनेला रोज तेल लावते, न्हाऊ घालते, खाटेवरून उठू देत नाही. परवा फोन केला तर दोघी पडद्यावर होत्या, बाळ हिच्या मांडीवर. सूनबाईच्या केसांना तेल चोपडलेलं. ही तिला काहीतरी सांगत होती, मराठी, कन्नड, मधूनच एखादा जपानी शब्द, आणि यंत्र कुठंच दिसत नव्हतं. सूनबाई मध्येच "व्हय की" म्हणत होती. मग दोघी माझ्याकडं बघून हसायला लागल्या. चांगल्या दोन मिनिटांचं बोलणं होतं ते.

"काय म्हणाली गं ती?" मी विचारलं.

हिनं बाळाची टोपी नीट केली. उत्तर सूनबाईनं दिलं. सावकाश, एकेक शब्द मांडत, सोलापूरच्या मराठीत.

"काय न्हाय अप्पा. मराठी लई लांब भाषा हाय."